उपाशी कोंबडी, जाड टरफल: सक्तीचं मोल्टिंग म्हणजे नेमकं काय?

लेयर पोल्ट्रीतली, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांची, बॅच साधारण ७० आठवड्यांची झाली की मालकापुढे एक हिशेब उभा राहतो. १८व्या-२०व्या आठवड्यात अंडी द्यायला लागलेल्या या कोंबड्या २५ ते ३० आठवड्यांच्या असताना ऐन भरात होत्या. तेव्हा १०० कोंबड्यांमागे रोज ९०च्या वर अंडी निघत होती. आता आकडा ६०-६५वर आलेला असतो. अंडं आकाराने मोठं, पण टरफल पातळ. गोळा करताना तडकलेली, मऊ कवचाची, खडबडीत अंडी रोज बाजूला काढावी लागतात. खाद्याचं पोतं मात्र पूर्वीइतक्याच वेगाने संपतं, कारण अंडं दिलं काय नि नाही दिलं काय, कोंबडी दिवसाला शंभरेक ग्रॅम खातेच.

अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, सगळा लॉट कटिंगला, म्हणजे मांसासाठी, विकायचा, शेड धुऊन-निर्जंतुक करून नवी पिल्लं भरायची आणि पुढचे साडेचार-पाच महिने एकही अंडं न मिळता खाद्य, लस, वीज यांचा खर्च सोसायचा. दुसरा रस्ता असा, की याच कोंबड्यांची अंडी मुद्दाम बंद पाडायची, ६ ते ८ आठवडे जाऊ द्यायचे आणि त्याच पक्ष्यांकडून दुसरा डाव घ्यायचा. हा दुसरा रस्ता म्हणजे सक्तीचं मोल्टिंग, कोंबड्यांना एकदम पिसं झडायला लावणं. नुसतं एवढं ऐकलं तर कुणी म्हणेल, बरंच आहे की, बिचाऱ्यांना सुट्टी मिळते. सुट्टी मिळते हे खरं आहे. ती कशी देतात, यावर सगळा वाद आहे. अनेक दशकं ती देण्याची सर्वमान्य रीत होती खाद्याची पन्हळ दहा-बारा दिवस रिकामी ठेवण्याची.

आता मुळात पिसं झडणं ही काही पोल्ट्रीवाल्यांनी शोधून काढलेली गोष्ट नाही. परसात गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना ती ठाऊक असते. दिवस लहान होऊ लागले की कोंबडीची पिसं गळायला लागतात; आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. या काळात ती अंडी देत नाही. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं आणि अंड्यालाही प्रथिनं लागतात. दोन्ही कारखाने एकदम चालवणं शरीराला परवडत नाही, म्हणून एक बंद होतो. काही आठवड्यांनी नवा पिसारा येतो आणि दिवस मोठे होऊ लागले की अंडी परत सुरू होतात.

बंदिस्त शेडमधली गोष्ट वेगळी. तिथे संध्याकाळी आणि पहाटे दिवे लावून एकूण १६ तासांचा 'दिवस' केलेला असतो, त्यामुळे ऋतू बदलल्याची खूण शरीराला मिळतच नाही. तरीही वय झालं की काही कोंबड्या आपापल्या वेळी पिसं टाकू लागतात. आज या पिंजऱ्यातली, पुढच्या महिन्यात त्या पिंजऱ्यातली. धंद्याला हे चालत नाही. हजारो कोंबड्या एकदम थांबाव्यात आणि एकदम सुरू व्हाव्यात, तरच त्याचा उपयोग. सक्ती आली ती या 'एकदम'साठी.

शरीरात काय घडतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले जवळजवळ २० तास टरफल चढवण्यात जातात. एका टरफलात दोन ग्रॅमहून थोडं जास्त कॅल्शियम असतं. कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे लक्षात घेतलं तर हा रोजचा खर्च केवढा मोठा आहे ते कळेल. टरफल बनवणारी ग्रंथी वर्षभर अशी राबली की तिच्या पेशींत चरबी साठते आणि कॅल्शियम सोडण्याची तिची ताकद उतरते. त्यात वयाबरोबर अंडं मोठं होत जातं, म्हणजे तेवढंच कॅल्शियम जास्त पृष्ठभागावर पसरावं लागतं. टरफल पातळ होण्याची ही दोन मुख्य कारणं.

प्रकाश कमी झाला आणि खाणं तुटलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संप्रेरकांचे निरोप थांबतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खाली येतात. अंडाशयात रांगेने लहान-मोठे वाढत असलेले बलक शरीर परत शोषून घेतं. एरवी दोन फूट लांब असलेली अंडवाहिनी आक्रसून जाते. थायरॉईडचं संप्रेरक वाढतं, त्याने पिसं गळू लागतात. ताणाचं संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन हेही वाढतं. खाद्य परत सुरू झाल्यावर अंडाशय आणि अंडवाहिनी नव्याने उभी राहतात, टरफलाच्या ग्रंथीतली चरबी निघून गेलेली असते आणि म्हणून दुसऱ्या डावातलं अंडं जाड टरफलाचं, घट्ट पांढऱ्याचं निघतं.

जुन्या पद्धतीत हे घडवून आणण्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं. कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यांच्या नावाने दोन पद्धती पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जात. तपशील वेगळे, गाभा एकच: दिवे कमी करा, खाद्य काढून घ्या. दहा दिवस, काही ठिकाणी चौदा दिवस. पाणी चालू ठेवायचं. पूर्वी काही जण सुरुवातीला एक-दोन दिवस पाणीही तोडत, आणि उन्हाळ्यात तसं करणं म्हणजे शेडमध्ये मरतुक ओढवून घेणं. कोंबडीचं वजन २५ ते ३५ टक्क्यांनी उतरलं की उपवास सोडवायचा, हा मापदंड. आपल्याकडच्या पांढऱ्या लेयरचं वजन दीड किलोच्या आसपास असतं. ३० टक्के म्हणजे साडेचारशे ग्रॅम. एवढं शरीर दोन आठवड्यांच्या आत जातं. त्यानंतर काही दिवस कमी प्रथिनांचा भरडा, मग नेहमीचं लेयर खाद्य आणि पुन्हा १६ तास उजेड.

(आपल्याकडची बरीच शेड जाळीची, उघडी असतात. तिथे काळोख करता येत नाही, फक्त वरचे दिवे बंद करता येतात. वैशाखात मोल्टिंगला घातलेल्या बॅचला तेरा तासांचा उजेड असाच मिळत राहतो. मग प्रकाशाने जे साधायचं ते उपासमारीवर ढकललं जातं.)

फायदा काय होतो, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दुसऱ्या डावात उत्पादन पहिल्या डावाच्या शिखराला पोचत नाही, साधारण दहा टक्क्यांनी खालीच राहतं. पण ६०-६५वरून पुन्हा ८०च्या पुढे जातं. अंडी मोठी असतात, फुटतूट कमी. बॅच ७०-७५ऐवजी १०५-११० आठवड्यांपर्यंत चालते. नव्या तलंगा (अजून अंडी सुरू न झालेल्या कोंबड्या) वाढवण्याचा खर्च पुढे ढकलला जातो. आणखी एक फायदा बाजाराचा: श्रावणात, कडक उन्हाळ्यात अंड्याला उठाव नसतो, दर पडतात. त्या दिवसांत बॅच मोल्टिंगला घातली की नुकसानीत अंडी विकावी लागत नाहीत आणि मागणी परतते तेव्हा कोंबड्या पुन्हा भरात येतात. रोज सकाळी अंड्याचा दर बघून दिवस सुरू करणाऱ्या माणसाला हे आकर्षक वाटलं तर नवल नाही. वर दहा-बारा दिवसांचं खाद्य वाचतं, आणि पोल्ट्रीत एकूण खर्चातला सिंहाचा वाटा खाद्याचाच असतो.

मग कोंबडीचं काय होतं? पहिल्या एक-दोन दिवसांत ती खाणं शोधते. रिकाम्या पन्हळीवर, पिंजऱ्याच्या तारेवर, शेजारणीच्या पिसांवर चोच मारत राहते. चोचाचोच, भांडणं वाढतात. पुढे हालचाल मंदावते, ती जास्त वेळ नुसती बसून राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सवय झाली. खरं तर शक्ती राखण्यासाठी शरीर हात आखडता घेत असतं. आधी चरबी जळते, मग स्नायू. हाडांच्या पोकळीत टरफलासाठी म्हणून साठवलेलं कॅल्शियम निघून जातं आणि हाडं ठिसूळ होतात. आधीच वर्षभर अंडी देऊन पोखरलेल्या हाडांवर हा दुसरा घाव. या काळात मरतुक वाढते. आधीपासून आजारी किंवा हडकुळी असलेली कोंबडी यातून तगत नाही. म्हणूनच मोल्टिंगआधी अशक्त पक्षी वेगळे काढा, असं पुस्तकं सांगत आली.

समर्थकांचा एक युक्तिवाद इथे नेहमी येतो: अहो, अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडीही तीन आठवडे धड खात नाही, वजन घालवते, मग हे अनैसर्गिक कसं? युक्तिवाद ऐकायला पटतो, पण त्यात मेख आहे. खुडूक कोंबडीची भूकच कमी झालेली असते. दाणे समोर टाकले तरी ती चार टिपते आणि अंड्यांवर परत जाते. मोल्टिंगला घातलेल्या कोंबडीची भूक शाबूत असते, पन्हळ रिकामी असते. दोघींचं वजन सारखंच उतरेल, पण एकीला भूक नाही आणि दुसरीला अन्न नाही. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत महत्त्वाचा फरक आहे.

कोंबडीच्या हालांची ज्यांना फिकीर नाही त्यांनाही खडबडून जागं करणारी गोष्ट १९९०च्या दशकात पुढे आली, ती साल्मोनेलाची. साल्मोनेला एन्टेरिटिडिस हा जंतू कोंबडीच्या अंडाशयात शिरून, टरफल चढण्याआधीच अंड्याच्या आत पोचू शकतो. अंडं बाहेरून कितीही स्वच्छ असो. कोंबडी स्वतः फारशी आजारी दिसत नाही. ते अंडं कच्चं किंवा अर्धवट शिजवून खाणाऱ्या माणसाला जुलाब-ताप होतो. अमेरिकी कृषी खात्याच्या जॉर्जिया राज्यातल्या प्रयोगशाळेत पीटर होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी ठेवलेल्या आणि पोटभर खाणाऱ्या कोंबड्यांना हा जंतू मुद्दाम पाजून पाहिला. उपाशी कोंबड्यांना लागण व्हायला शेकडो पटींनी कमी जंतू पुरले. त्यांच्या विष्ठेतून जंतू जास्त प्रमाणात आणि जास्त दिवस बाहेर पडले, आतड्याचा दाह जास्त झाला आणि शेजारच्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांना लागण चटकन पोचली.

कारणं बरीचशी उलगडली आहेत. कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत, पोटोळीत, एरवी लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जीवाणू असतात. ते आम्ल बनवतात आणि साल्मोनेलाला थारा देत नाहीत. पोटोळी दिवसेंदिवस रिकामी राहिली की हे जीवाणू घटतात, आम्लता उतरते, आणि गिळलेला जंतू सुखरूप खाली जातो. दुसरीकडे ताणामुळे प्रतिकारशक्तीच्या काही पेशी रक्तातून कमी होतात. त्यात भुकेलेली कोंबडी पिसं, विष्ठा, जे मिळेल ते टोचते, म्हणजे संसर्गाला आणखी एक वाट. हे प्रयोग मुद्दाम जंतू पाजून केलेले होते; जिथे साल्मोनेला नाहीच, त्या शेडमध्ये तो उपाशी ठेवल्याने हवेतून उगवत नाही. पण जिथे थोडा आहे, तिथे उपासमार त्याला दार उघडून देते, एवढं नक्की.

यानंतर अमेरिकेत चक्रं फिरली, आणि त्यांना गती मिळाली ती मोठ्या गिऱ्हाइकाकडून. ऑगस्ट २०००मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्या अंडी पुरवठादारांना कळवलं की खाद्य तोडून मोल्टिंग केलेल्या कळपांची अंडी आम्ही घेणार नाही. पाठोपाठ इतर कंपन्याही आल्या. तिथल्या उत्पादकांच्या मोठ्या संघटनेने, युनायटेड एग प्रोड्यूसर्सने, आपल्या प्रमाणित सदस्यांसाठी २००६पासून खाद्य न तोडणाऱ्या पद्धतीच ग्राह्य धरल्या. युरोपात हा प्रश्न आधीच मिटलेला होता. पाळीव जनावराला रोज पुरेसं खाणं मिळालंच पाहिजे हा १९९८चा युरोपीय निर्देश असल्यामुळे उपाशी मोल्टिंगला जागाच उरली नव्हती.

पण उपास नाही तर मोल्टिंग कसं करायचं? अमेरिकी विद्यापीठांना दाणापाण्याचे प्रयोग करायला एवढं कारण पुरलं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना जवळजवळ निव्वळ गव्हाच्या कोंड्यावर ठेवून पाहिलं. ९४-९५ टक्के कोंडा, वर थोडी खनिजं-जीवनसत्त्वं, मीठ नाही. हवं तेवढं खा. कोंड्याने पोट भरतं पण ऊर्जा, कॅल्शियम आणि सोडियम कमी मिळतं, आणि अंडाशयाला जो निरोप पोचायचा तो पोचतो. वजन उपवासाइतकं झपाट्याने उतरत नाही, अंडी पूर्ण बंद व्हायला थोडे दिवस जास्त लागतात. मात्र दुसऱ्या डावातलं उत्पादन आणि टरफलाचा दर्जा उपाशी ठेवलेल्या कळपाच्या तोडीचा निघाला. टेक्सासमध्ये लसूणघासावर असेच प्रयोग झाले. सोयाबीनची सालं, मक्याचं मिश्रण यांवरही काम झालं. होल्ट यांच्या गटाने कोंड्यावरच्या कोंबड्यांची साल्मोनेला चाचणीही घेतली. पोटोळी भरलेली असल्यामुळे जंतूंचा फैलाव उपाशी कळपापेक्षा खूपच कमी राहिला.

म्हणजे जाड टरफल देणारी गोष्ट उपासमार नाही, अंडवाहिनीला मिळालेली विश्रांती आहे. ती विश्रांती पोट भरलेलं ठेवूनही देता येते. मग रिकाम्या पन्हळीच्या बाजूने उरतं काय? एक, वाचलेलं खाद्य. दोन, सोपेपणा; पन्हळ भरायची नाही, एवढंच काम.

जस्ताचा मार्गही आहे: खाद्यात जस्ताचं संयुग नेहमीपेक्षा अनेक पटींनी जास्त घातलं की कोंबडी स्वतःच खाणं टाकते आणि आठवड्याभरात अंडी थांबतात. कागदोपत्री 'खाद्य तोडलं नाही', प्रत्यक्षात कोंबडीने ते तोंडात घेतलं नाही. शिवाय सगळं जस्त विष्ठेतून शेतातल्या खतात जातं. याला मी तरी सुधारणा म्हणणार नाही.

भारतात कायद्याच्या बाजूने हे चित्र बरंच स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातलं कलम ११ सांगतं की पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं हा गुन्हा आहे. याच आधारावर २०११मध्ये भारतीय पशु कल्याण मंडळाने उपाशी ठेवून केलं जाणारं मोल्टिंग बंद करण्यास पोल्ट्री उद्योगाला सांगितलं. आता त्याच कलमातली शिक्षा बघा. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये दंड. आज डझनभर अंड्यांना याहून जास्त पैसे पडतात. हजारो कोंबड्यांचं दहा दिवसांचं खाद्य वाचवणाऱ्या माणसाच्या हिशेबात ५० रुपये दिसणारसुद्धा नाहीत. अमेरिकेत बदल घडवला तो खरेदीदाराच्या अटीने. आपल्याकडे अंडं सुटं विकलं जातं, ट्रेवर ते कुठल्या शेडचं, कोंबडी किती आठवड्यांची, मोल्टिंग झालेलं की नाही, यातलं काहीच नसतं. पुण्यात, जिथे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं मुख्य कार्यालय आहे आणि जिथल्या हॅचरीची बीव्ही-३०० ही जात देशभरच्या शेडमध्ये दिसते, तिथल्या दुकानातही गिऱ्हाइकाला ही निवड करता येत नाही.

खाणाऱ्यांसाठी एक खुलासा. मोल्टिंग झालेल्या कोंबडीचं अंडं पौष्टिकतेत कमी नसतं. मोठं, जाड टरफलाचं अंडं हातात आलं म्हणून ते तसल्या कळपाचंच असेल असंही नाही. साल्मोनेलाचा धोका पांढरं आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवल्याने जातो. हाफफ्राय आणि कच्च्या अंड्याचं मेयोनीज आवडणाऱ्यांनी, विशेषतः घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर, सांभाळावं.

पोल्ट्रीवाल्यांसाठी: बॅच मोल्टिंगला घालायचीच असेल तर कोंड्याचा मार्ग आपल्याकडे अवघड नाही, गव्हाचा कोंडा हे आपल्या खाद्य बाजारातलं नेहमीचं सामान आहे. आधी अशक्त पक्षी वेगळे काढणं, पाणी एक तासही न तोडणं, ऐन उन्हाळा टाळणं, दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या काही कोंबड्यांचं वजन करून नोंद ठेवणं आणि सगळं पशुवैद्यकाच्या नजरेखाली करणं, एवढं पाळलं तर मरतुक आटोक्यात राहते.

दरम्यान जातींची पैदास करणाऱ्या कंपन्यांनी वेगळाच खेळ मांडला आहे. १०० आठवड्यांत ५०० अंडी, तीही मध्ये न थांबता, हे त्यांचं जाहीर उद्दिष्ट आहे. असा पक्षी शेडमध्ये आला की ७०व्या आठवड्याचा तो हिशेबच पुढे सरकतो आणि मोल्टिंगची गरज कमी होते. पण टरफलामागे दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम लागतं ते लागतंच. मधली विश्रांती गेली तर ते कुणाच्या हाडांतून येणार? लांबलेल्या डावाच्या शेवटी कोंबड्यांच्या छातीच्या हाडाला तडे जाण्याचं प्रमाण का वाढतं, यावर युरोपातल्या प्रयोगशाळांत सध्या बरंच काम चालू आहे.